शेंदराखालची टाकी

देवमनला सारं रिठद गाव भित्रा म्हणायचं, आणि खोटं कशाला बोला, तो होताच भित्रा. घरात बायकोनं, विमलबाईनं, चूल पेटवली की हा गडी उठून अंगणात जाऊन बसायचा. कुणी बिडीसाठी काडी ओढली की दोन पावलं मागे सरायचा. दिवाळीत पोरं फटाके लावायची तेव्हा देवमन घराची कडी लावून आत बसलेला असायचा, आणि पोरं मुद्दाम त्याच्याच दारात लवंगी लावायची. हसणाऱ्यांना काय, हसायला कारण लागत नाही. देवमनचा बाप जानराव कापसाच्या जिनात हमाल होता. रुईच्या गंजीनं पेट घेतला तेव्हा तो बाहेर पडलेला होता, पण आत राहिलेल्या सोबत्याला हुडकायला परत गेला, तो देवमनच्या डोळ्यांदेखत गेलाच. हे गावाला माहीत होतं. तरी गाव हसायचं.

अशा माणसाच्या नशिबी इंजन यावं! रामराव पाटलांकडे लग्नाचा मांडव, भोंगे आणि गाडीवर बसवलेलं डिझेलचं इंजन होतं. इंजनाला पट्ट्यानं डायनामो जोडलेला. लग्न असो, जत्रा असो, शिरपूरला भाविकांची गर्दी असो, रामरावांचं इंजन जायचं आणि उजेड पाडायचं. आधीचा ड्रायव्हर तोंडात बिडी धरून टाकी भरायचा. एक दिवस त्याच्या भुवया गेल्या आणि त्या दिवशीच तोही काम सोडून गेला. देवमन तेव्हा नुसता गाडी ढकलायला असे. रामराव नवा माणूस शोधू लागले तर त्यांची आई गोजराबाई म्हणाली, "कायले शोधतं? देवमनले ठेव. तो भेते, म्हनून जपीन माह्या इंजनाले."

म्हातारीनं माणूस बरोबर ओळखला होता. देवमन इंजनाला जपायचा तो प्रेमानं नव्हे, धाकानं. रोज सकाळी सगळ्या नळ्या, सगळे नट, पंप, फिल्टर फडक्यानं कोरडे पुसायचा, चुलीतली चाळलेली राख चिमटीनं सांध्यांवर भुरभुरायचा, इंजन चालू करायचा आणि उकिडवा बसून बघत राहायचा. जिथं राख ओली होऊन काळी पडली तिथं गळती. मग पान्यानं नट आवळायचा, तांब्याचा वायसर बदलायचा, पुन्हा पुसायचा, पुन्हा राख. लोक म्हणायचे, देव सोडले तरी देवमन इंजनाला अंगारा लावायचं काही सोडत नाही. छप्पन साली बौद्ध होताना जानरावानं घरातले देव नदीत सोडले होते, त्यावरून हा टोमणा. देवमन हसल्यासारखं करायचा. टोमण्यानं काही पेट घेत नाही, एवढं त्याला कळत होतं.

फक्त एक जागा त्याच्या राखेला बंद होती. इंजन घरी आलं त्या दिवशी गोजराबाईनं टाकीला तेलात कालवलेला शेंदूर लावला होता. मग दसऱ्याला लावला, पोळ्याला लावला, प्रत्येक मोठ्या कामाला निघताना लावला. वर्षानुवर्षांचा शेंदूर साचून टाकीचं बूड आणि खालचा सांधा भाकरीएवढ्या जाड थराखाली गेला होता. त्याला हात लावायची देवमनची छाती नव्हती. शेजारच्या एका गावात मारुतीच्या शेंदराला धक्का लागला म्हणून देवमनच्या नात्यातल्या एका पोराला लोकांनी गुरासारखं मारलं होतं. देवमनच्या मनात दोन भीती होत्या, आगीची आणि माणसांची, आणि त्या दोन्ही टाकीपाशी येऊन बसल्या होत्या.

बहात्तरच्या दुष्काळानंतर एकदोन वर्षांनी, थंडीच्या दिवसांत, रिठदच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं. अकोल्याहून डॉक्टर आले, सोबत लालसिंग कंपाउंडर. शाळेच्या एका खोलीला पडदे लावून तिथं मोतीबिंदू काढायचे, आणि काढून झालं की माणसाला शेजारच्या मोठ्या खोलीत कुटारावर, वाळल्या भुशावर, चादर टाकून निजवायचं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. हलायचं नाही, खोकायचं नाही, उठून बसायचं तर नावच नाही, टाका तुटला की डोळा गेला. विजेचे खांब गावात आले होते, वीज मात्र लहर लागेल तेव्हा यायची, म्हणून दिव्याला रामरावांचं इंजन. वायर आखूड होती. रामरावांनी इंजनाची गाडी शाळेच्या भिंतीला चिकटवून, त्या मोठ्या खोलीच्या खिडकीखालीच उभी केली. उरलेल्या कुटाराचा ढीगही तिथंच भिंतीला लागून पडला होता.

देवमननं तेव्हाच म्हटलं होतं, "मालक, जराशी दूर घेऊ ना गाडी."

"तुही वायर लांब कर, मंग घे दूर," रामराव म्हणाले, आणि बघणारे हसले.

त्या खोलीत देवमनची आई लिलाबाई होती. तिला यायचं नव्हतं. दिसते तेवढं पुरे म्हणत होती. देवमननंच हाताला धरून आणली, समजूत घातली, मी बाहेर खिडकीपाशीच असतो म्हणाला. आणि तिच्याशेजारी कोण, तर गोजराबाई. वाड्यावरची म्हातारी आणि वस्तीतली म्हातारी, एरवी विहिरीवरसुद्धा एका वेळी दिसल्या नसत्या. डोळ्यांवर पट्ट्या बांधून डॉक्टरांनी त्यांना हातभर अंतरावर निजवलं होतं.

दुपार होत आली होती. रामराव डिझेलचा पिपा आणायला रिसोडला गेले होते. शाळेच्या पटांगणात रुग्णांच्या नातेवाइकांनी तीन तीन दगड मांडून चुली पेटवल्या होत्या, भाकरी थापण्याचा आवाज येत होता. इंजन भकभकत होतं. देवमनच्या नाकाला आधी कळलं. डिझेलचा वास तर रोजचाच, पण हा वास ताजा होता, दाट होता. त्यानं खाली वाकून पाहिलं. टाकीखालच्या तोटीवरून थेंब पडत होता. तिथून धूर निघायच्या पाइपाच्या वाकणावर. पाइप तापलेला, थेंब पडला की चर्र व्हायचं आणि पांढरी वाफ निघायची. काही थेंब पाइप चुकवून जमिनीवर पडत होते, आणि जमीन उतरती होती, कुटाराच्या ढिगाकडे.

देवमननं ढिगाकडे पाहिलं, मग वर खिडकीकडे.

त्याचे हात कामाला लागले, कारण त्या हातांना भीतीतच काम करायची सवय होती. थेंबाखाली घमेलं सरकवलं. पाइपावर पत्र्याचा तुकडा आडवा टाकला. जमिनीवर वाळू पसरली, कुटाराचा ढीग पायानं जमेल तेवढा मागे लोटला. तोटीचा नट आवळला. थेंब थांबला नाही. फडक्यानं पुसून राख टाकली, राख तोटीच्या वरच्या अंगानं ओली झाली. पुन्हा आवळला. पुन्हा ओली. पंपाकडे जाणारी नळी पाहिली, कोरडी. फिल्टर कोरडा. नोझलकडची नळी कोरडी. तोटीच फुटली असेल तर इंजन बंद करून ती काढावी लागणार.

तो पडद्याच्या खोलीपाशी धावला आणि हळू आवाजात लालसिंगला म्हणाला, "लालसिंगभाऊ, इंजन बंद करू का? डिजल गळून राह्यलं."

लालसिंगनं पडद्यातून डोकं बाहेर काढलं. "आत डोया उघडा हाये मानसाचा! आता दिवा गेला तं डॉक्टर काय चाचपडत टाका घालतीन? थांब जरासा. हा झाला की सांगतो."

डॉक्टरांची चूक नव्हती, लालसिंगचीही नव्हती. उघडा डोळा म्हणजे उघडा डोळा. देवमन परत फिरला. येता येता त्यानं पटांगणात हात जोडले. "माय हो, चुली इझवा. डिजल गळते."

"भाकर आर्धी झाली न् चूल इझवू काय?" एक बाई म्हणाली. "देवमन, तू तं उन्हालेबी भेतं."

सगळ्या हसल्या. विमलबाई हसली नाही. तिनं आपल्या नवऱ्याचं तोंड पाहिलं, तव्यावरची भाकरी तशीच ठेवली आणि तांब्याभर पाणी चुलीत ओतलं. मग ती पुढच्या चुलीपाशी गेली. ती काय बोलली कोण जाणे, पण हसणं थांबलं आणि एकामागून एक चुली विझल्या.

देवमन घमेल्यापाशी येऊन बसला. मोठ्यानं ओरडायची सोय नव्हती. आग हा एक शब्द खिडकीतून आत गेला असता तर ओळीनं निजलेली ती सगळी माणसं, पट्ट्या बांधलेली, आंधळी, एकदम उठून बसली असती. एकेकाचा डोळा तिथंच गेला असता. आणि ओरडला नाही आणि पेट घेतलाच, तर? ती कुणीकडे पळतील? दार कुठं आहे हेही त्यांना ठाऊक नाही. त्याच्या डोळ्यांसमोर जिनाचं फाटक आलं. बापाचा हिरवा फेटा आत जाताना दिसला. मी आणली मायला इथं, तो मनात म्हणाला, म्या आनली.

तेवढ्यात त्याचं लक्ष घमेल्यात गेलं. घमेल्यात साचलेलं डिझेल लालसर दिसत होतं.

डिझेल लाल नसतं. तोटीतून आलं असतं तर स्वच्छ आलं असतं. देवमननं मान वर केली. टाकीच्या बुडाशी शेंदराचा थर फुगून नरम झाला होता. त्यानं अंगठ्यानं हलकेच दाबलं, तर थराच्या कडेनं लाल पाणी पाझरलं आणि तोटीवर येऊन टपकलं. गळती तोटीत नव्हतीच. टाकीचा सांधा शेंदराखाली कुजला होता, डिझेल आतल्या आत वाट काढून तोटीपाशी बाहेर येत होतं, आणि तो वेड्यासारखा तोटीला आवळत बसला होता.

म्हणजे आता इंजन बंद करूनही उपयोग नव्हता. टाकी भरलेली होती, गळतच राहिली असती. शेंदूर काढल्याशिवाय भोक सापडणार नव्हतं.

त्यानं आजूबाजूला पाहिलं. सकाळीच कुणीतरी इंजनापुढं नारळ फोडला होता, हळदीकुंकू वाहिलं होतं. पटांगणातली माणसं आता त्याच्याकडे बघत होती. देव सोडलेल्या घरातला माणूस, भर दुपारी, पाटलाच्या देवाचा शेंदूर खरवडणार. मार खाल्लेल्या त्या पोराचं सुजलेलं तोंड त्याला आठवलं. देवमनला लघवीची भावना झाली. हे त्यानं पुढं स्वतःच सांगितलं, लपवलं नाही. रामराव येईपर्यंत थांबावं, त्यांना विचारावं, त्यांच्या हातानं काढू द्यावं. शहाण्या माणसानं तेच केलं असतं.

पत्र्यावर थेंब पडला, वाऱ्याच्या झुळकीनं वाफ कुटाराकडे गेली.

लोखंडाचं खुरपं हाताशी होतं, पण लोखंडानं लोखंड घासायचं तर ठिणगी उडेल. त्यानं फोडलेल्या नारळाची करवंटी उचलली. एकवार डोळे मिटले. "माफ करजो माय," तो गोजराबाईला म्हणाला की आपल्या आईला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. आणि त्यानं खरवडायला सुरुवात केली. चर्र चर्र आवाज होऊ लागला. वरचा थर ओला होता, तो लोण्यासारखा निघाला. त्याखालचा जुना, काळपट, कडक. पोळे निघाले, दसरे निघाले, कुणाकुणाच्या लग्नाला निघतानाचे टिळे निघाले. खालून गंजलेला सांधा उघडा पडला आणि पडताक्षणी त्यातून डिझेलची बारीक धार देवमनच्या तोंडावर आली. इतके दिवस शेंदरानंच ते भोक अडवून धरलं होतं. देवमननं अंगठा भोकावर दाबला.

धार थांबली. आता अंगठा काढता येईना आणि दुसऱ्या हाताला काही सापडेना. कोपरावरून डिझेल ओघळत होतं, शेजारी पाइप तापलेला होता, आणि ओरडायचं नव्हतं. त्यानं विमलबाईकडे पाहून कपडे धुतल्यासारखा हात हलवला. ती समजली. धुण्याचा साबण आणि फाटक्या ट्यूबची पट्टी घेऊन ती धावत आली. डिझेलनं मेण विरघळतं, रंग विरघळतो, साबण विरघळत नाही. विमलबाईनं साबण दातानं तोडून हातावर मळला, त्यात पदराचं सूत घातलं, आणि देवमननं अंगठा सरकवला तशी ती गोळी भोकात चेपली. वरून ट्यूबची पट्टी आवळून बांधली. पुसलं. राख टाकली. दोघं नवराबायको त्या राखेकडे बघत बसली.

राख कोरडी राहिली.

आणि तेव्हाच रामराव आले. सायकल भिंतीला टेकवली, वळले, आणि उघडी टाकी पाहून जागीच थिजले. खाली जमिनीवर शेंदराचा लाल ढीग, देवमनचे कोपरापर्यंत लाल हात, पायाशी करवंटी. त्यांचं तोंड काळंनिळं झालं. "कोन काढला?" ते गरजले. "कोनं हात लावला माह्या मायच्या देवाले?" आणि पायातली चप्पल हातात घेऊन ते सरळ देवमनवर आले.

त्यांच्या तोंडात पेटलेली बिडी होती.

देवमननं चप्पल पाहिलीच नाही. त्याला बिडीच्या टोकाचा तेवढा निखारा दिसला. आपले कपडे डिझेलनं भिजलेत, कुटार डिझेलनं भिजलंय, हे सुचायच्या आत तो उठला आणि त्यानं पाटलाच्या तोंडातली बिडी उपसली. विझवायला पाणी नव्हतं, फेकायला जागा नव्हती. त्यानं ती डाव्या मुठीत धरली आणि मूठ आवळली. जन्मभर काडीच्या आवाजाला दचकलेला माणूस मुठीत विस्तव धरून उभा होता, आणि तोंडातून आवाज निघू नये म्हणून ओठ चावत होता.

"हळू बोला मालक," तो कसाबसा म्हणाला. "अंदरच्या उठतीन."

चप्पल वर राहिली. रामरावांनी आधी त्या मुठीकडे पाहिलं, मग घमेल्यातल्या लाल डिझेलकडे, मग भिंतीच्या कडेनं कुटारापर्यंत गेलेल्या ओलीकडे. त्यांची नजर वर खिडकीकडे गेली आणि तिथंच खिळली. चप्पल हातातून गळाली. ते मटकन जमिनीवर बसले. मग आतून लालसिंगचा आवाज आला, "झालं रे देवमन, कर बंद!"

टाकी रिसोडला नेऊन, धुऊन, तिचा सांधा तापवून डाग देऊन जोडला. डाग देताना देवमन रस्त्याच्या पलीकडे उभा होता, हे वेगळं सांगायला नको. रामराव त्याला काही बोलले नाहीत, ना चांगलं ना वाईट. मात्र गावात कुजबूज सुरू झाली. म्हातारीची पट्टी सुटू द्या, मग बघा म्हणत होते. देवमनला जेवण जाईना. आग टळली होती, माणसं उरली होती.

पट्ट्या सुटल्या. जाड भिंगांचे चष्मे आले. लिलाबाईनं लेकाचं तोंड दोन्ही हातांत धरून नीट न्याहाळलं आणि वाळला म्हणून त्यालाच रागे भरली. आणि एका सकाळी, इंजन शिरपूरच्या कामाला निघायचं त्या सकाळी, गोजराबाई नवा चष्मा लावून, एका हातात काठी, दुसऱ्या हातात शेंदराची वाटी घेऊन वाड्याच्या पायऱ्या उतरली. बाया जमल्या, गडी जमले. रामराव खाली मान घालून उभे. म्हातारी टाकीपाशी आली. उघड्या पत्र्यावरून, डाग दिलेल्या सांध्यावरून तिनं हात फिरवला.

देवमनला पळावंसं वाटत होतं. तरी त्याच्या तोंडून निघून गेलं, "माय, म्या काढला."

"मले मालूम हाय," गोजराबाई म्हणाली. "पट्टी डोयाले होती, कानाले नोयती. नाकालेबी नोयती. डिजलचा वास आला न् मी उठूनच राह्यली होती. तुह्या मायनं माहा हात धरला. मने, हालू नोको बाई, माहा पोरगा बाहीर हाये. तो लय भेते, तो आपल्याले जळू देनार नाई. मंग चर्र चर्र करवंटी आयकू आली. मले समजलं तू काय करून राह्यला तं." तिनं वाटी सावरली. "मी चूप राह्यली. आमी दोघीबी हात धरून चूप राह्यलो."

गोजराबाईनं वाटीत बोट बुडवलं आणि चष्म्याआडचे मोठे झालेले डोळे त्याच्याकडे वळवले.

"सांग आता. कुठी लावू?"

देवमननं टाकीपासून लांब, इंजनाच्या चाकावरच्या जाळीकडे बोट केलं. डाव्या हाताचं, ज्याच्या तळव्यावर बिडीच्या चटक्याचा डाग अजून लाल होता. नव्या चष्म्याचा म्हातारीला अजून अंदाज नव्हता. टिळा जाळीवर लागायचा तो अर्धा जाळीवर लागला आणि अर्धा देवमनच्या बोटावर. त्यानं तो पुसला नाही. खाली वाकला, टाकीचा सांधा फडक्यानं कोरडा केला, चिमूटभर राख भुरभुरली आणि नेहमीसारखा उकिडवा बसून बघत राहिला. गोजराबाईही काठी टेकून त्याच्याशेजारी वाकून बघत उभी राहिली.